हातचं राखून प्रेम करणारे रॉकस्टार: कोणता पटला, कोणता नाही?

जास्वंद (शुक्रवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये जिन्यावरून पडून पायाचं हाड मोडलं आणि सहा आठवडे पलंगावर काढले. मैत्रिणीने किंडलवर एक रॉकस्टारची प्रेमकथा टाकून दिली, "डोकं बाजूला ठेवून वाच" म्हणाली. डोकं बाजूला राहिलं नाही. त्या सहा आठवड्यांत अशी अकरा पुस्तकं संपवली.

ठरलेला साचा सगळ्यांच्या लक्षात आला असेलच. तो बँडमध्ये गातो किंवा गिटार वाजवतो, गाणी स्वतः लिहितो, वीस हजार लोकांसमोर काळीज काढून ठेवतो. पण ज्या बाईवर जीव आहे ती "काय झालं?" म्हणून विचारते तेव्हा "काही नाही" म्हणून गॅलरीत जातो. शेवटच्या चाळीस पानांत लहानपणीचं काहीतरी भयंकर बाहेर येतं, मग रडणं, मग विमानतळ.

साचा असूनही मी वाचत राहिले, कारण मुळातला पेच मला खरा वाटतो. जे परक्यांना गाऊन सांगता येतं ते घरच्या माणसाला बोलून का सांगता येत नाही?

अकरांतलं मला सर्वांत पटलेलं पुस्तक म्हणजे गेल फोरमनचं 'व्हेअर शी वेंट' (२०११). 'इफ आय स्टे'चा हा पुढचा भाग. (स्पॉयलर आहेत, वाचायचं असेल तर दोन परिच्छेद सोडा.) अ‍ॅडम वाइल्ड एकविशीत जगभर गाजलेला रॉकस्टार आहे. अपघातात मियाचे आईवडील आणि धाकटा भाऊ गेले, ती वाचली, चेलो शिकायला न्यूयॉर्कला गेली आणि काही न सांगता याच्या आयुष्यातून निघून गेली. त्या दुःखावर याने जो अल्बम लिहिला त्यानेच त्याला मोठं केलं. आता तो पत्रकारांवर भडकतो, चिंतेच्या गोळ्या घेतो, बँडच्या बाकीच्यांपासून वेगळ्या हॉटेलात उतरतो. तीन वर्षांनी एका रात्री दोघं भेटतात आणि सकाळपर्यंत न्यूयॉर्कभर फिरतात.

मला पटण्याचं कारण असं की, त्याच्या गप्प बसण्याच्या कुलपाची दुसरी किल्ली खरोखरच मियाकडे आहे. ती बेशुद्ध असताना हा तिच्या उशाशी बसून म्हणाला होता, तू फक्त जग, हवं तर मला सोडून जा. तिने ते ऐकलं होतं. म्हणजे तिने त्याचाच शब्द पाळला आणि तीन वर्षं तो समजत राहिला की आपल्याला टाकलं. एखाद्या दुष्ट बापाची गोष्ट शेवटी चिकटवलेली नाही. आणि प्रकरणांच्या सुरुवातीला त्याच्या गाण्यांच्या ओळी येतात, त्यामुळे तो मियाला जे सांगू शकत नाही ते वाचकाला आधीच कळलेलं असतं.

तर प्रश्न दोन. तुम्हाला यातला कोण पटला? आणि मिटलेला माणूस कुठे संपतो, उर्मट माणूस कुठे सुरू होतो?

---

वहीचं_पान (शुक्रवार, रात्री ११:२६)

वाखु (वाचनखूण) साठवली. पाय कसा आहे आता?

---

जास्वंद (शुक्रवार, रात्री ११:३१)

चालते आहे, जिना मात्र कठडा धरूनच. धन्यवाद :)

---

गोदाकाठ (शनिवार, सकाळी ७:०५)

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याच भाषेकडे बघा. इंग्रजीत या नायकांना एकच विशेषण लावतात, आपल्याकडे निदान सहा आहेत आणि सहाही माणसं वेगळी.

घुमा: बोलतच नाही, आत काय चाललंय ते त्यालाही कदाचित माहीत नसतं.
कुढा: आत धुमसतो, स्वतःलाच खातो.
आतल्या गाठीचा: त्याला सगळं माहीत असतं, तो ठरवून सांगत नाही.
तुसडा: जवळ येणाऱ्याला फटकारतो.
माणूसघाणा: त्याला मुळात कुणी नकोच असतं.
आणि तुम्ही शीर्षकात लिहिलंय तो हातचं राखून वागणारा. तो देतो, पण बेरजेत हातचा एक ठेवावा तसं काहीतरी मागे ठेवून.

प्रेमकथेला शेवटचा चालतो, कुढा चालतो, घुमा थोडा वेळ चालतो. तुसडा माणूस नायक म्हणून तीनशे पानं सोसायचा असेल तर लेखकाने फार कष्ट घ्यायला हवेत, आणि बहुतेक घेत नाहीत. तुमच्या अकरांत तुसडे किती होते?

---

जास्वंद (शनिवार, सकाळी ९:४०)

गोदाकाठ, मोजले. सात! दोन कुढे, एक घुमा, आणि हातचं राखणारा एकटा अ‍ॅडम. हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे.

---

तळ्यातमळ्यात (शनिवार, सकाळी १०:१५)

मी थोडं विरुद्ध बोलते, राग मानू नका.

मला हा सगळा प्रकारच खटकतो. तो दारं आपटणार, आठवडाभर फोन उचलणार नाही, आणि ती समजूतदारपणे वाट बघणार, कारण 'आतून तो फार हळवा आहे'. आतून हळवा असण्याचा बाहेरच्या माणसाला उपयोग काय? 'आफ्टर' या कादंबरीचंच घ्या. २०१३ साली वॅटपॅड या कथा लिहिण्या-वाचण्याच्या संकेतस्थळावर, वन डायरेक्शन या बॉय बँडच्या हॅरी स्टाइल्स या गायकावर बेतून लिहिली गेली, पुस्तकात आली तेव्हा हॅरीचा हार्डिन झाला. गोष्टीत तो कॉलेजात शिकणारा मुलगा आहे, मंचही नाही आणि गाण्यांचा आधारही नाही. उरतो तो तिला रडवणारा मुलगा. माझ्या पुतणीने सतराव्या वर्षी ती वाचली आणि मला म्हणाली, "आत्या, प्रेम असलं की इतका त्रास होतोच ना?" मला त्या रात्री झोप लागली नाही.

---

शब्दवेडी (शनिवार, सकाळी ११:००)

तळ्यातमळ्यात, पुतणीच्या बाबतीत काळजी समजते. पण माझा अनुभव उलटा आहे. मी बावीस वर्षं शाळेत शिकवते, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रात्री साडेदहानंतरचा एक तास माझा. त्या एका तासात कुणीतरी जगप्रसिद्ध माणूस एका साध्या बाईसमोर शब्द शोधत अडखळतो हे वाचायला मला आवडतं. मला तसा नवरा हवाय असं नाही. अख्खं जग ज्याच्याकडे बघतंय तो एकीकडेच बघतोय, एवढंच मला हवं असतं. या आनंदाला कमी लेखू नये असं मनापासून वाटतं.

माझ्याकडून एक नाव: कायली स्कॉटचं 'लिक' (२०१३). ही ऑस्ट्रेलियन लेखिका. वरवर बघता अगदी फिल्मी सुरुवात आहे, लास वेगासमध्ये नायिका सकाळी उठते तर बोटात अंगठी, आणि रात्री एका गिटारिस्टशी लग्न झालंय, पण तिला काहीच आठवत नाही. मला यातली मेख नंतर कळली. त्याला सगळं आठवतंय. त्या एका रात्री तो मोकळेपणी बोललेला असतो आणि सकाळी ते ऐकणारीच विसरलेली असते. मग तो मिटतो. मला तर हे लहानपणीच्या कुठल्याही दुःखापेक्षा जास्त लागलं. एकदा उघडून ठेवलं आणि समोरच्याच्या ते गावीही नाही!

---

जास्वंद (शनिवार, सकाळी ११:२०)

अगं बाई, मी 'लिक' वाचलंय आणि ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती. पुन्हा वाचते.

---

मंचामागचा (शनिवार, दुपारी ३:५०)

एरवी मी इथे फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्या धाग्यांवर असतो, बायकोने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय. चौदा वर्षं साउंडचं काम करतो, पुणे, मुंबई, गोवा, कधी ईशान्येकडचे महोत्सव. कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत, पण ही माणसं जवळून पाहिली आहेत.

पहिली गोष्ट, कार्यक्रम संपल्यावर जे गप्प बसणं असतं त्यातलं निम्मं शरीराचं असतं. दोन तास ड्रमच्या पुढ्यात उभं राहिल्यावर कानात शिट्टी वाजत असते, समोरच्याचं बोलणं उशीतून आल्यासारखं येतं. अंगातला जोश उतरायला तास-दीड तास जातो. मी एका गिटारिस्टबरोबर बरीच वर्षं काम केलं. हा माणूस शेवटचं गाणं झालं की कुणाशी बोलायचा नाही, खाली बसून स्वतःच्या वायरी गुंडाळायचा. त्याला मदतीला पोरं होती. पण एक वेढा सरळ, एक उलटा, असं करत प्रत्येक वायर तो स्वतः लावायचा, म्हणजे पुढच्या वेळी पीळ पडत नाही. तेवढी वीस मिनिटं त्याला कुणी हात लावायचा नाही. नवीन आयोजकांना वाटायचं, केवढा शिष्ट आहे. आम्हाला माहीत होतं की शेवटची वायर पेटीत गेली की हा चहा मागणार आणि मग पहाटेपर्यंत गप्पा मारणार.

दुसरी गोष्ट. व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडच्या करारातली तपकिरी गोळ्यांची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. १९८२च्या त्यांच्या करारपत्रात एक अट होती, कलाकारांच्या खोलीत एम अँड एमच्या चॉकलेटच्या गोळ्या ठेवायच्या पण त्यातली एकही तपकिरी नको. सगळ्यांनी त्याला नखरे ठरवलं. खरं कारण असं होतं की त्यांचा मंच प्रचंड जड होता, विजेच्या आणि वजनाच्या बारीकसारीक सूचना पानंच्या पानं होत्या, आणि आयोजकाने त्या नीट वाचल्यात की नाही हे कळायला ही अट मधेच घातलेली होती. वाडग्यात तपकिरी गोळी दिसली की ते सगळी जोडणी पुन्हा तपासून घ्यायचे.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. उर्मट माणसाचा नखरा हा नखराच असतो. मिटलेल्या माणसाच्या नखऱ्यामागे तपासणी असते, समोरच्याने आपल्याला नीट वाचलंय का याची.

---

गोदाकाठ (शनिवार, दुपारी ४:१२)

मंचामागचा, उभं राहून टाळ्या.

---

तळ्यातमळ्यात (शनिवार, दुपारी ४:३०)

उदाहरण सुंदर आहे, पण माझा मुद्दा तिथेच आहे. व्हॅन हेलनने ती अट कागदावर लिहिली होती. आयोजकाला वाचायला कागद तरी मिळत होता. या नायिकांना कागदच मिळत नाही, नुसती परीक्षा मिळते.

---

मंचामागचा (शनिवार, दुपारी ४:४१)

हे बरोबर बोललात. मान्य.

---

रंगभवनचा_पोरगा (शनिवार, संध्याकाळी ६:२०)

अवांतर करतो, माफी असावी, पण रॉक म्हटल्यावर राहवत नाही.

आमच्या पिढीने रॉकस्टार पाहिला तो मुंबईत, धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात. १९८६ला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला तेव्हा मी अकरावीत. गिरगावातून चालत जायचो, खिशात परतीपुरते पैसे. रॉक मशीन (पुढे १९९३ला ज्यांनी इंडस क्रीड नाव घेतलं) वाजवायला लागले की काळ्या टीशर्टचा समुद्र हलायचा. घरी सांगायचो क्लासला जातोय. आई कपडे धुताना धुळीने माखलेली पँट बघून एवढंच म्हणायची, "क्लास मैदानात असतो का रे?"

आणि हो, धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी संबंध असलेलं एक. गाण्यात सगळं सांगणारा माणूस लोकांपासून तुटतो कसा, हे कादंबऱ्यांच्या कितीतरी आधी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडने दाखवलंय. जुलै १९७७, माँट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम. पुढच्या रांगेतल्या गोंधळाने वैतागून बँडमधला रॉजर वॉटर्स एका चाहत्यावर थुंकला. नंतर स्वतःच हादरला, की मी हे काय केलं. त्या लाजेतून 'द वॉल' निघाला, १९७९चा अल्बम. आणि १९८०-८१च्या कार्यक्रमांत त्यांनी खरोखर मंचावर पुठ्ठ्याच्या विटांची भिंत बांधली. पूर्वार्ध संपेपर्यंत भिंत पूर्ण, बँड पलीकडे, प्रेक्षक अलीकडे. लोकांनी तिकीट काढून ती भिंत बघितली!

तेव्हा मला वाटतं, भिंत बांधणारा माणूस पटतो तो त्याला स्वतःच्या भिंतीची लाज वाटते म्हणून. ज्याला तिचा अभिमान आहे तो तुसडा.

---

शब्दवेडी (शनिवार, संध्याकाळी ६:४८)

"स्वतःच्या भिंतीची लाज वाटते म्हणून." हे वाचून थांबले. माझ्या आवडत्या सगळ्या नायकांना ही कसोटी लावून पाहिली, सगळे उतरले. न आवडलेल्यांतला एकही उतरला नाही.

---

बे_एरियातली_मावशी (शनिवार, रात्री ८:१५)

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. खाडीच्या पलीकडे सॉसालिटो म्हणून छोटं गाव आहे, पाहुणे आले की आम्ही त्यांना बोटीने तिथे नेतो. तिथल्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत १९७६ साली फ्लीटवूड मॅक या बँडने 'रूमर्स' या अल्बमचं बरंचसं ध्वनिमुद्रण केलं. बँडमधली दोन्ही जोडपी मोडलेली, ड्रमरचाही संसार मोडकळीला आलेला, आणि तरी सगळे रोज एका खोलीत. त्यातलंच एक जोडपं लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स. त्याने तिला उद्देशून लिहिलेलं गाणं तिलाच पार्श्वस्वरात गायला लागायचं.

तिने त्याच्याबद्दल लिहिलेलं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे गाणं लांब झालं म्हणून अल्बममधून वगळलं. पण १९९७च्या 'द डान्स' या कार्यक्रमात वीस वर्षांनी ती ते गायली, शेवटी शेवटी सरळ त्याच्याकडे तोंड करून. ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेन. त्याची बोटं वाजवतायत, डोळे तिच्यावर. इतक्या वर्षांत जे बोलले नसतील ते त्या दीड मिनिटात.

टेलर जेंकिन्स रीडच्या 'डेझी जोन्स अँड द सिक्स'ला (२०१९) याच बँडची आणि याच कार्यक्रमाची प्रेरणा आहे. जास्वंद, तुमच्या अकरांत हे नव्हतं का?

---

जास्वंद (शनिवार, रात्री ८:४०)

होतं की! दुसऱ्या क्रमांकावर. पण ते प्रेमकथा म्हणून वाचावं की नाही याबद्दल माझी खात्री होत नाही.

---

बे_एरियातली_मावशी (शनिवार, रात्री ९:०२)

प्रेमकथाच आहे. फक्त ज्यांच्यावर लक्ष आहे त्यांची नाही.

(स्पॉयलर.) अख्खं पुस्तक मुलाखतींचं आहे. सत्तरच्या दशकातल्या बँडमधले लोक म्हातारपणी आठवणी सांगतायत, आणि एकाच प्रसंगाबद्दल दोघं दोन गोष्टी सांगतात. त्यामुळे हातचं कोण राखतंय ते आपणच ओळखायचं. बिली डन स्वतःच्या नवजात मुलीला भेटायला जायच्या ऐवजी व्यसनमुक्ती केंद्रात जातो, कारण अशा अवस्थेत तिने आपल्याला पहिल्यांदा पाहू नये असं त्याला वाटतं. हाही बंद दरवाजाच, पण त्यामागे केवढी माया आहे! आणि शेवटी कळतं की हे सगळे प्रश्न विचारणारी ती मुलगीच आहे. बाप जे घरात बोलला नाही ते लेकीने टेपरेकॉर्डर पुढे करून काढून घेतलं. मी तिथे रडले.

---

नेमस्त (शनिवार, रात्री ९:३०)

'डेझी जोन्स'वरची २०२३ची मालिका पाहिली आहे. कादंबरीतला बँड खोटा, पण मालिकेसाठी त्याचा 'ऑरोरा' अल्बम खरा निघाला. पुस्तकात जी गाणी फक्त कागदावर होती ती ऐकून माझी थोडी निराशा झाली. कल्पनेत जास्त चांगली वाजत होती.

---

शब्दवेडी (शनिवार, रात्री ९:४४)

+१. मी म्हणूनच मालिका पाहिली नाही.

---

तळ्यातमळ्यात (शनिवार, रात्री १०:१०)

मीही एक पुस्तक सुचवते, म्हणजे मी फक्त भांडायला आले नाही हे कळेल :)

रॉबिन ली यांचं 'द आयडिया ऑफ यू' (२०१७). यात उलट आहे. तो विशीतला, जगप्रसिद्ध बॉय बँडमधला, अगदी मोकळा. मिटलेली आहे ती, एकोणचाळीस वर्षांची, लॉस एंजेलिसमध्ये कलादालन चालवणारी घटस्फोटित आई. तिच्या मिटण्याला दर पानावर कारण आहे: मुलगी शाळेत काय ऐकेल, वर्तमानपत्रं काय छापतील, तो तिशीचा होईल तेव्हा मी कितीची असेन. २०२४च्या चित्रपटात शेवट गोड केलाय. पुस्तकात नाही. पुस्तकात ती मुलीसाठी दार लावून घेते आणि तो निरोप पाठवत राहतो, मग एक दिवस पाठवायचं थांबवतो.

पुरुष मिटलेला असला की 'जखमी', बाई मिटलेली असली की 'थंड'. हे पुस्तक तसं म्हणत नाही, म्हणून मला आवडलं.

---

रंगभवनचा_पोरगा (शनिवार, रात्री १०:२२)

पुस्तक छान असेलच, पण बॉय बँड म्हणजे रॉक नव्हे हो!

---

वहीचं_पान (शनिवार, रात्री १०:२४)

आता हा धागा दोनशे प्रतिसाद जाणार.

---

कर्वेनगरची_सई (रविवार, पहाटे १:५०)

बरेच दिवस फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय.

माझा नवरा कीबोर्ड वाजवतो. रॉकस्टार नाही, दुसऱ्यांच्या मागे वाजवणारा. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, कॉलेजांचे महोत्सव, स्टुडिओत तासावर काम. दोनदा पुण्याच्या एनएच-सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवात वाजवलंय, त्याचे बिल्ले फ्रिजवर लावलेत. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली.

कार्यक्रमाहून तो तीन-साडेतीनला येतो. दिवा लावत नाही. फ्रिजच्या उजेडात ओट्याशी उभा राहून गार वरणभात खातो, भांडं विसळून पालथं घालतो आणि माझ्या पायाशी पलंगावर थोडा वेळ बसतो. मी जागी असते हे त्याला माहीत आहे. बोलत नाही. सुरुवातीची दोन वर्षं मी विचारायची, कसा झाला, कोण आलं होतं. "झाला." मी कुशी बदलून रडायची. मंचामागच्यांनी कानातल्या शिट्टीचं लिहिलंय, ते मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ते वाचून आज फार बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

दुसरी गोष्ट यापेक्षा जड आहे. दर वर्षी ऑगस्टमध्ये रियाज करताना तो मधेच थांबतो आणि एक लहानसा तुकडा वाजवतो. चार सूर. मग परत जे चाललं होतं ते. मला वाटायचं, बोटं मोकळी करतोय. लग्नानंतर सहा वर्षांनी सासूबाई गणपतीला आल्या होत्या, त्यांनी तो ऐकला आणि हातातलं सूप ठेवून आत निघून गेल्या. त्यांच्याकडून कळलं. माझ्या नवऱ्याला थोरला भाऊ होता, कॉलेजात असताना गेला, ऑगस्टमध्येच. बाहेरून आला की खालून अशी शीळ घालायचा, म्हणजे हा वर दार उघडायचा.

मला भाऊ होता हे माहीत होतं. शीळ माहीत नव्हती. सहा वर्षं ती माझ्या घरात वाजत होती आणि मला कुणी सांगितलं नाही. कादंबरीत असं असतं तर मी म्हटलं असतं, किती सुंदर. प्रत्यक्षात मला राग आला. अजूनही थोडा आहे. आपल्याला बाहेर ठेवलं असं वाटत राहतं. तळ्यातमळ्यात म्हणतात ते पटतं, आतल्या हळवेपणाचा बाहेरच्या माणसाला उपयोग काय. आणि शब्दवेडींचंही पटतं, कारण तरीही मी अशी पुस्तकं वाचते, तो कार्यक्रमाला गेला की.

---

शब्दवेडी (रविवार, सकाळी ६:३०)

सई, चहा गार झाला वाचता वाचता. लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

---

तळ्यातमळ्यात (रविवार, सकाळी ७:१५)

सईताई, मी काल 'उपयोग काय' असं जोरात लिहिलं. तुमचं वाचून ते शब्द परत घेत नाही, पण आवाज खाली आणते. एक विचारू का? शीळ कळली आहे हे तुम्ही त्यांना कधी बोललात का?

---

कर्वेनगरची_सई (रविवार, सकाळी ८:०५)

नाही. मीही हातचं राखलंच की.

---

मंचामागचा (रविवार, सकाळी ९:२०)

सईताई, एक धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. मागे वाजवणाऱ्याला कुणी मुलाखत विचारत नाही. पुढे उभ्या असलेल्या गायकाला निदान बोलायचा सराव असतो, लोक विचारतात, तो काहीतरी सांगतो. कीबोर्डवाल्याला 'आवाज थोडा कमी कर' याशिवाय कुणी काही म्हणत नाही. रात्री पलंगाच्या कडेला बसणं हेच त्यांचं बोलणं असेल. पण तुम्हाला ते पुरायलाच हवं असंही नाही.

---

नेमस्त (रविवार, सकाळी १०:४०)

'मेबी समडे' (कॉलीन हूवर, २०१४) कुणी वाचलंय का? त्यातला गीतकार-गिटारिस्ट ऐकू न येणारा आहे. नायिका शब्द लिहिते, दोघं संदेश टाइप करून बोलतात, एकाच खोलीत बसून. तिचं गाणं त्याला कंपनातून कळतं. पुस्तकासाठी गाणी खरोखर तयार करून दिली होती. इथे तो बोलत नाही याला कारण अगदी वेगळं आहे, आणि गंमत म्हणजे अशा सगळ्या नायकांत जास्तीत जास्त बोलणारा तोच. टाइप करून पानंच्या पानं. मनातलं सांगायला जीभ लागतेच असं नाही.

---

गोदाकाठ (रविवार, दुपारी १२:००)

नेमस्त, 'लपवलेलं' मात्र त्याच्याकडेही आहे, आणि ते बरंच मोठं आहे. न वाचलेल्यांसाठी सांगत नाही.

---

जास्वंद (सोमवार, रात्री ९:५०)

दोन दिवस धाग्यावर आले नाही कारण लिहीत बसले होते. आता कबूल करते. पायाला प्लास्टर असताना अकरा पुस्तकं वाचून मी बारावं लिहायला घेतलं. दीर्घकथा आहे, पुण्यातला एक बँड, नायक ड्रमर. पंचावन्न पानं झाली आणि अडकले, म्हणून हा धागा काढला. माझा नायक लिहिता लिहिता तुसडा होत चालला होता आणि मला कळत नव्हतं का.

आता कळलं. मी त्याला कुणाहीसमोर कधी लाजू दिलंच नव्हतं. नायिकेला एकही कागद दिला नव्हता. आणि शेवटी त्याच्या बापाचं दारूचं प्रकरण ठेवलं होतं, ते काल रात्री काढून टाकलं. अठरा पानं गेली. त्याऐवजी पहिल्याच प्रकरणात एक छोटीशी जागा केली आहे, जिथे तो तिच्याशी मोकळं बोलतो आणि ती गर्दीच्या आवाजात ते ऐकत नाही. शब्दवेडी, ही कल्पना 'लिक'बद्दल तुम्ही लिहिलंत त्यावरून सुचली. मंचामागचा, वायर गुंडाळायची पद्धत वापरली तर चालेल का? आणि ड्रमर कार्यक्रम झाल्यावर काय आवरतो?

---

मंचामागचा (सोमवार, रात्री १०:१५)

खुशाल वापरा. ड्रमर झांजा पुसतो. चांगला असेल तर कुणाला हात लावू देत नाही, बोटांचे ठसे उमटतात आणि घामाने धातू काळा पडतो. एकेक उतरवून मऊ कापडाच्या पिशवीत घालतो. काठ्यांची टोकं तपासतो, तडकलेली बाजूला काढतो. पुढच्या रांगेतल्या पोरांना वाटतं आपल्याला देण्यासाठी काढली. खरं म्हणजे मोडलेलीच देतात :)

---

कर्वेनगरची_सई (मंगळवार, रात्री ११:३५)

तळ्यातमळ्यात, तुमच्या प्रश्नाचं सांगायचं राहिलं होतं.

काल त्याला सुट्टी होती. मी मोबाइल त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, हे मी लिहिलंय, वाच. माझा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला, बोटाने वर सरकवून परत खाली आणला. मग मंचामागच्यांचाही वाचला. मी ओट्याशी उभी होते, कणीक मळून झाली होती तरी मळत होते.

म्हणाला, "चार नाहीत. पाच आहेत."

मी म्हटलं, काय पाच?

"सूर. शेवटचा मी वाजवत नाही. तो वरून मी द्यायचा असायचा, दार उघडतोय हे सांगायला."

आणि मग त्याने तोंडाने शीळ घालून दाखवली, पाचही. नऊ वर्षांत मी त्याला शीळ घालताना ऐकलं नव्हतं. त्याला नीट येत नाही, हवाच जास्त जाते.

नंतर आम्ही पोळ्या केल्या. तो भाजत होता, मी लाटत होते. भावाबद्दल बराच वेळ बोलला. ते इथे लिहीत नाही.

---

तळ्यातमळ्यात (मंगळवार, रात्री ११:५२)

❤

---

रंगभवनचा_पोरगा (बुधवार, सकाळी ७:२०)

सईताई, सकाळी लोकलमध्ये वाचलं. दादरला उतरायचं होतं, परळला उतरलो.

---

जास्वंद (बुधवार, रात्री १०:३०)

सई, मी यातलं काहीही माझ्या कथेत घेणार नाही, हा शब्द. ते तुमचं आहे.

पहिली वीस पानं पुन्हा लिहून झाली आहेत. झांजा पुसण्याचा प्रसंग आला. कुणी वाचून बघायला तयार आहे का? गोदाकाठ, तुम्ही तुसडेपणा मोजाल का? तळ्यातमळ्यात, तुम्ही तर हव्याच, नायिकेला कागद मिळतोय का ते बघायला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फाइल पाठवते.

---

तळ्यातमळ्यात (बुधवार, रात्री १०:४१)

पाठवा. लाल पेन घेऊन बसते.

---

गोदाकाठ (गुरुवार, सकाळी ६:५०)

व्यनि केला आहे. ड्रमरचं नाव काय ठेवलंय?